चारशे बारा नंबरचं झाड

बागेतल्या तळ्याचा वास सकाळी साडेनऊला सगळ्यात वाईट असतो आणि नेमकी तेव्हाच माझी पहिली सहल येते. चाळीस-पन्नास पोरं, त्यांच्या दोन बाई आणि मी. गेली एकोणीस वर्षं मी या सार्वजनिक बागेत माहिती सांगायची नोकरी करते. पाण्यावर हिरवा गाळ, गाळावर बाटल्या, बाटल्यांवर माशा, आणि त्या सगळ्याकडे पाठ करून मी हसतमुखानं म्हणायचं, "मुलांनो, शंभर वर्षांपूर्वी या शहराला मोकळा श्वास घेता यावा म्हणून ही बाग उभी राहिली." वाक्य संपायच्या आत निम्म्या पोरांनी नाकं दाबलेली असतात. त्यांचं काही चुकत नाही.

खरा इतिहास मला तोंडपाठ आहे, पण तो सांगायची परवानगी नाही. इथे आधी शहराचा उकिरडा होता. मेलेली घोडी, खाटीकखान्याची घाण, फुटकी कौलं, सगळं इथे येऊन पडायचं. तळं म्हणजे वीटभट्टीवाल्यांनी माती उकरून केलेला खड्डा. थोरले साहेब म्हणून जो इंजिनियर आज पुतळा होऊन फाटकात उभा आहे, त्यानं या उकिरड्यावर हातभर माती पसरली, वर हिरवळ लावली आणि उद्घाटनाच्या दिवशी तळ्याकाठी स्वतःच्या हातानं चिनाराचं रोप लावलं. पुढे लढाईच्या दिवसांत तीच हिरवळ उकरून लोकांनी बटाटे पिकवले. बँड वाजवायच्या गोल चौथऱ्याखाली माणसं बॉम्बच्या भीतीनं लपून बसायची. काचघराच्या काचा तीनदा फुटल्या आणि तीनदा बसवल्या. किती छान गोष्ट आहे! पण बागेच्या समितीनं मला जो छापील कागद दिलाय त्यात उकिरडा नाही, घोडी नाहीत, बटाटेसुद्धा नाहीत. आहे ते फुलांचं घड्याळ, आणि ते सहा वर्षांपासून सव्वाचार वाजवून बसलंय.

सहल संपायची ती नंबर एकपाशी. बागेतल्या प्रत्येक झाडाला तळहाताएवढा पत्रा ठोकलेला आहे. पत्र्यावर नंबर, आणि कचेरीतल्या रजिस्टरात त्या नंबरापुढे जात, जागा, वय आणि बुंध्याचा घेर. एकूण झाडं दोन हजार एकशे चाळीस. हा आकडा कधी कमी होत नाही, कारण पत्रा रिकामा ठेवायचा नाही अशी इथल्या माळ्यांची रीतच आहे. झाड मेलं की पत्रा उचकटायचा आणि दुसऱ्या रोपाला ठोकायचा. वयाचा रकाना तसाच पुढे चालू. त्यामुळे आमच्याकडे मनगटाएवढ्या बुंध्याची साठ वर्षांची झाडं आहेत. घेर मोजायला कोणी फीत काढत नाही. मागच्या वर्षीच्या आकड्यात दोन बोटं मिळवली की झालं. वर्षातून एकदा निरीक्षक येतो, पत्रा बघतो, रजिस्टर बघतो, सही करतो. मान वर करून झाड बघताना मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही.

नंबर एक म्हणजे थोरल्या साहेबांचं ते पहिलं झाड. सरळसोट, देखणा चिनार. भोवती लोखंडी कठडा, समोर फोटो काढणाऱ्यांची रांग. मी पोरांना कठड्यातून हात घालायला सांगायची आणि म्हणायची, "तुमचा हात आता शंभर वर्षांना लागलाय." पोरं गप्प व्हायची. दिवसभरात तेवढाच क्षण मला माझ्या कामाची लाज वाटायची नाही.

तिथून चाळीस पावलांवर, अगदी पाण्याच्या कडेला, दुसरा एक चिनार होता. त्याला आम्ही सगळे थेरडा म्हणायचो. वाकडा, गाठीगाठींचा, पोटात माणूस मावेल एवढी ढोली. वर पाणकावळ्यांची वसाहत. फांद्या विष्ठेनं पांढऱ्या पडलेल्या, खाली सडक्या माशांचा दर्प, आणि ढोलीत येणारे-जाणारे पुरुष खुशाल मुतायचे. मी पोरांना तिथून नाकाला पदर लावून घाईघाईनं न्यायची. त्याचा नंबर चारशे बारा.

शताब्दीच्या आठवड्यात सोमवारी कारकुनानं मला एक कागद दिला. शुक्रवारी सकाळी सातला चारशे बारा तोडणार, सहली तिकडे नेऊ नयेत. तळ्याकाठी उपाहारगृह व्हायचं होतं. ते समितीच्या अध्यक्षांचा मेहुणा चालवणार हे कागदात नव्हतं, पण बागेतल्या बदकांनाही ठाऊक होतं. मला काय त्याचं! मी खूश झाले. रविवारी शताब्दीचा समारंभ होता, त्यात माझ्या बाबांचा सत्कार होता, आणि त्याआधी तो घाणेरडा थेरडा जाणार होता. त्याच दिवशी नंबर एकचा कठडाही उचकटून रंगवायला नेला.

माझे बाबा या बागेचे हेडमाळी होते. अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले त्यालाही चौदा वर्षं झाली. आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. अजून ते रोज सकाळी छाटणीची कात्री पुसतात, तेल लावतात आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवतात. रविवारी नंबर एकखाली पितळी पाटी बसणार होती. ‘पहिल्या झाडाची आयुष्यभर निगा राखणारे हेडमाळी’ आणि खाली त्यांचं नाव. त्या पाटीसाठी त्यांनी कोट धुवायला टाकला होता, बूट दोनदा पॉलिश केले होते आणि आरशासमोर उभं राहून ‘आभारी आहे’ म्हणताना मी त्यांना पकडलं होतं.

"बाबा, एक चांगली बातमी," मी घरी आल्या आल्या म्हटलं. "थेरडा जातोय शुक्रवारी. तोडणार आहेत."

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "चारशे बारा?"

"हो. सुटले एकदाची त्या वासातून."

"ते तोडता येत नाही," बाबा म्हणाले. "साठ वर्षांवरचं झाड तोडायला बंदी आहे."

"रजिस्टरात बावन्न आहे."

बाबांनी कात्री फडक्यात गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. मग खिडकीतल्या कुंडीकडे बघत म्हणाले, "रजिस्टरात आहे. झाडाला नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पंचवीस वर्षांपूर्वी, बागेच्या पंचाहत्तरीला, परदेशातला कोणी बडा पाहुणा पहिल्या झाडाखाली उभा राहणार होता. तेव्हाचे अध्यक्ष थेरड्याखाली आले, त्यांच्या टोपीवर वरून पांढरं पडलं, आणि ते म्हणाले, "हे असलं ध्यान दाखवायचं पाहुण्यांना? मुकादम, काहीतरी करा." बाबांनी काहीतरी केलं. थेरड्याचा एक नंबरचा पत्रा काढून चाळीस पावलांवरच्या देखण्या चिनाराला ठोकला, आणि त्या चिनाराचा चारशे बाराचा पत्रा थेरड्याला.

"म्हणजे थोरल्या साहेबांचं झाड थेरडा आहे?"

"हो."

"आणि नंबर एक कोणाचं?"

बाबा हसले. चोरून गोड खाताना सापडल्यासारखे. "माझं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लावलेलं. माझं पहिलं रोप ते."

मला शिसारी आली ती त्या हसण्याची. पंचवीस वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी बाकावर बसून बघत होता की सगळं शहर त्याच्या रोपासमोर मान झुकवतंय. आणि मी, त्यांची लेक, शंभर वर्षं शंभर वर्षं करत हजारो पोरांचे हात त्या खोट्या बुंध्याला लावून घेत होते. तिथे लावू दिले, आणि खऱ्या झाडाजवळून मात्र त्या पोरांना नाक मुरडत पळवत नेलं. स्वतःचा हात नळाखाली धरून घासावासा वाटला.

"उद्याच्या उद्या कचेरीत चला आणि सांगा," मी म्हटलं.

"रविवार होऊ दे. मग सांगतो."

"शुक्रवारी तोडणार आहेत, बाबा!"

"बघू," ते म्हणाले आणि कुंडीला पाणी घालायला उठले. कुंडी सकाळीच भिजवलेली होती.

दोन दिवस ते ‘बघू’च म्हणत राहिले. बुधवारी मी एकटीच कारकुनासमोर जाऊन उभी राहिले आणि पत्र्यांची अदलाबदल सांगितली. हा माणूस कचेरीत चपला काढून बसतो आणि आगपेटीच्या काडीनं कान कोरत बोलतो. काडी बाहेर काढून ती निरखून बघतो, मग उत्तर देतो.

"ताई, रजिस्टरात बावन्न आहे."

"चला माझ्याबरोबर आणि डोळ्यांनी बघा. चार माणसांच्या कवेत मावत नाही ते झाड."

"डोळ्यांनी बघून सह्या करत नसतात." काडी निरखली. "तुमच्या वडिलांनी लिहून द्यावं की मी पत्रे बदलले. मी तोडणी थांबवतो. पण मग रविवारचा सत्कार विसरा. वर पत्रे हलवल्याबद्दल चौकशी बसेल ती वेगळीच."

"पत्रे तर सगळेच हलवतात!"

"हो, पण लिहून कोण देतं?" कारकून म्हणाला, आणि काडी परत कानात गेली.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी कोरा कागद आणि पेन घेऊन गेले. दोन ओळींचं काम होतं. बाबांनी कागद सरळ केला, पेनचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाले, "अडतीस वर्षं त्या बागेत राबलो. कोणी एकदा नावानं हाक मारली नाही. मुकादम, इकडे या. मुकादम, तिकडे जा. एक पाटी लागणार आहे माझ्या नावाची."

"खोट्या झाडाखाली!"

"झाड खोटं नसतं," बाबा पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले. "पत्रा खोटा असतो."

"मग पत्र्याबद्दल लिहा!"

ते लिहीनात. मी नको ते बोलले. तुमच्या पाटीपायी शंभर वर्षांचं झाड जातंय म्हटलं. अध्यक्षात आणि तुमच्यात काय फरक आहे म्हटलं. शेवटी म्हटलं, "मला किळस येते तुमची." हे वाक्य मी आयुष्यात कोणाला बोलले नव्हते, आणि बोलले ते सख्ख्या बापाला. त्यांनी ऐकून घेतलं, कागदाची घडी घातली आणि ते झोपायला गेले.

सकाळी उठले तर त्यांचं अंथरूण रिकामं. घडी घातलेला कागद टेबलावर तसाच, कोरा. दारामागच्या खुंटीवरची हातोडी नव्हती. मला वाटलं, म्हातारा मशीनपुढे आडवा पडायला गेलाय. पायात जे सापडलं ते घालून मी पळत सुटले. फाटकाशी पोचले तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आतून करवतीच्या यंत्राचा आवाज येत होता.

तळ्याकडे बघते तो थेरडा जागच्या जागी. पाणकावळे पंख पसरून आरामात बसलेले. मग करवत कुठे चाललीय हे कळायच्या आत आवाज आला. आधी कडकड, मग एकदम धप्प, आणि पायाखालची जमीन हलली. नंबर एक आडवा झाला होता.

"थांबा! अरे, हे काय केलंत?" मी ओरडले.

ठेकेदाराच्या माणसानं कानातले बोळे काढले आणि खिशातून कागद काढला. "चारशे बारा. पत्रा बघा ना बाई."

पत्रा बघितला. चारशे बारा. जुना गंजका पत्रा आणि त्यात दोन नवेकोरे, चकचकीत खिळे.

"अहो, उपाहारगृह तिकडे पाण्याकडेला व्हायचंय! झाड तिथलं तोडायचं होतं."

"कागदात नंबर आहे. उपाहारगृह नाहीये." त्यानं बोळे परत कानात घातले.

थेरड्याला नवे खिळे मारून नंबर एक परत लागला होता. शेजारच्या बाकावर बाबा बसले होते, धुतलेल्या कोटात. हातोडी खिशातून बाहेर डोकावत होती.

"लिहून द्यायला काय झालं होतं?" मी म्हटलं. मला धाप लागली होती. "दोन ओळी! दोन्ही झाडं वाचली असती, बाबा. तुम्हाला माहीत होतं हे लोक पत्रा बघून तोडतात ते?"

"हेडमाळी होतो मी," बाबा म्हणाले. "मला कोण शिकवणार?"

"आणि तरी?"

तोडणारी माणसं फांद्या छाटायला लागली होती. बाबा एकेका घावाला डोळे मिटत होते, आणि माझं त्यांच्याजवळ बसायचं धाडस होईना. राग होताच. ज्या माणसाला पाटीवरचं नाव सोडण्यापेक्षा स्वतःचं झाड कापून घेणं सोपं वाटतं, त्याचं काय करायचं? चांगलं म्हणायचं की भेकड? मला तेव्हा दोन्ही म्हणावंसं वाटत होतं आणि दोन्हींची घाण वाटत होती.

दुपारी अध्यक्ष आले. आडव्या झाडाकडे बघितलं, थेरड्याकडे बघितलं, तोंड उघडं ते उघडंच. पंचवीस वर्षं या माणसानं त्या देखण्या झाडासमोर फोटो काढून घेतले होते. "पहिलं झाड... पहिलं झाड असं नव्हतं," ते म्हणाले.

कारकुनानं रजिस्टर पुढे धरलं. "नंबर एक, तळ्याकाठ, वय शंभर. पत्रा जागेवर आहे, साहेब. चारशे बारा आदेशाप्रमाणे तोडलेलं आहे."

अध्यक्षांनी पत्रा बघितला. रजिस्टर बघितलं. मग त्यांनी मेहुण्याचं उपाहारगृह, रविवारचे पाहुणे आणि स्वतःची सही असलेला तोडणीचा आदेश यांचा मनातल्या मनात विचार केला असावा, कारण ते एकदम म्हणाले, "बरोबर. हेच ते. मला मघाशी उन्हात दिसलं नाही." मी बाजूला जाऊन थुंकले. बागेत थुंकू नका हा फलक मीच रंगवून घेतलेला आहे.

रविवारी थेरड्याखाली खुर्च्या मांडल्या. ढोली कुंड्यांनी झाकली, वासावर तीन बाटल्या अत्तर शिंपडलं, त्यानं मासे आणखी सडल्यासारखे वाटायला लागले. अध्यक्ष भाषणात म्हणाले की लहानपणी आपण याच झाडाच्या सावलीत खेळलो. ‘याच’ म्हणताना पाणकावळ्यानं त्यांच्या बाहीवर पांढरं सोडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोनशे माणसं त्या बागेत रोज फिरायला येणारी. एकालाही, अगदी एकालाही, झाड बदललेलं दिसलं नाही. दिसलं असेल तर बोलायची गरज वाटली नाही.

मग बाबांना बोलावलं. पितळी पाटी त्यांच्या हातात दिली आणि माईक पुढे केला. आता सांगतील असं वाटलं. बाबांनी वर, त्या घाणेरड्या फांद्यांकडे बराच वेळ बघितलं.

"झाड चांगलं आहे," ते म्हणाले, आणि खाली उतरले.

लोक पांगल्यावर ते दिसेनात. मी शोधत गेले तर बुंध्यापाशी गुडघे टेकून बसलेले. त्या कापलेल्या, ताज्या, पांढऱ्या बुंध्यापाशी. पाटी शेजारी गवतात उपडी पडली होती. अंगठा जिभेला लावून ते एकेक वलय मोजत होते, आतून बाहेर. मला बघून त्यांनी हातानं ‘थांब’ अशी खूण केली, म्हणजे आकडा चुकायला नको. मी थांबले. सालीपर्यंत आल्यावर त्यांनी अंगठा तिथेच दाबून ठेवला.

"बावन्न," ते म्हणाले. "बरोबर बावन्न. सगळ्या रजिस्टरात ही एक नोंद खरी होती बघ."

तेवढ्यात हल्लीचा हेडमाळी आला. एका हातात रोप, दुसऱ्या हातात खिळे. रीतीप्रमाणे पत्रा न्यायला आला होता. त्यानं इकडेतिकडे शोधलं आणि विचारलं, "काका, चारशे बाराचा पत्रा बघितलात का?"

बाबांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. खिशाला पत्र्याची कड आलेली मला स्पष्ट दिसत होती.

"नाही," बाबा म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही म्हटलं, "नाही."

सोमवारी साडेनऊला सहल आली. पोरांनी नाकं दाबली. एका मुलीनं विचारलं, बागेत झाडं किती? छापील कागदात दोन हजार एकशे चाळीस होतं.

"दोन हजार एकशे एकोणचाळीस," मी म्हटलं.